हाऊसफुल्लच्या बाई

रस्त्यात कोणी भेटलं आणि ओळख दाखवली, की बाई सरळ बोलायच्या, "हात दाखव."

तोंडाकडे बघायच्याच नाहीत. समोरचा माणूस गोंधळायचा. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचा आणि मोकळा हात पुढे करायचा. बाई चष्मा कपाळावर चढवून त्याची बोटं बघायच्या, अंगठा उलटा करून बघायच्या आणि मग बोलायच्या, "हां. तू बाल्कनीवाला. सुटे पैसे घामाने ओले करून द्यायचास."

माणूस खूश होऊन जायचा. मला मात्र राग यायचा. एवढी वर्षं एका टॉकीजला कामाला होतो, तरी मलासुद्धा दोन-तीनदा भर बाजारात त्यांनी हात दाखवायला लावला होता.

"अहो बाई, मी गेटवरचा."

"मग टॉर्च कुठाय?"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. बुकिंगच्या खिडकीला भोक केवढं, तर बांगड्या भरलेला हात कसाबसा आत जाईल एवढं. सगळी हयात बाईंनी त्या भोकाच्या आत बसून काढली. लालबाग, परळ, काळाचौकी, सगळी माणसं त्यांनी पाहिली ती मनगटापर्यंत. गिरणीतला साचेवाला, मसाल्याच्या गल्लीतली लाल बोटांची बाई, बीडीडी चाळीतला मास्तर, सगळे त्यांना हातावरून पाठ. तोंडं त्यांच्या कामाची नव्हती.

टॉकीजचं नाव मी लिहीत नाही. मालकाच्या वारसांचं आपसात कोर्ट चालू आहे आणि या वयात मला साक्षीला जायचं नाही. तशी नावाची गरजही नाही. आमच्या इथे "टॉकीज" बोललं की एकच.

मी डोअरकीपर. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, अंधारात सीट दाखवायची. मालकाने दिलेली टॉर्च मी कधी हातात धरली नाही, माझी स्वतःची होती. गेट माझं, खिडकी बाईंची. आणि हाऊसफुल्लचा बोर्डही बाईंचा. त्याच्यावरून आमचं रोज वाजायचं.

बोर्ड म्हणजे पत्र्याची पेटी. पुढे काच, काचेवर लाल अक्षरं, आत बल्ब. पोर्चच्या खाली दोन साखळ्यांना टांगायचा. दुसऱ्या टॉकीजमध्ये तिकिटं संपली की शिपाई बोर्ड लावून मोकळा. आमच्या बाईंचं तसं नव्हतं. बोर्ड बुकिंगच्या खोलीत, धुतलेल्या पंच्याखाली, उभा ठेवलेला. आडवा ठेवायचा नाही. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. आणि लावायचा कधी, तर मी आत जाऊन बघून आल्यावर.

"गेटवाले, भरलं का?"

"बाई, तिकिटं संपली ना तुमची? मग लावा की."

"तिकीट संपलं तो मालकाचा हिशोब. घर भरलं का ते विचारते मी."

मग मी टॉर्च मारत सगळ्या रांगा बघायच्या. एखादा तिकीट काढून चहाला गेलेला असायचा, एखाद्याची बायको आलेली नसायची. तोपर्यंत बोर्ड पंच्याखालीच. कधी कधी तर इंटरव्हलला बोर्ड लागायचा. मालक कपाळाला हात लावायचे. "बाई, आता कोणाला दाखवता? शो अर्धा संपला!" बाई शांतपणे बोलायच्या, "पण आता खरं आहे ना?"

मी बोलायचो, हा शुद्ध वेडेपणा. पण एक गोष्ट होती. त्या बोर्डावर अख्खा विभाग चालायचा. बोर्ड लागला की वडापाववाला दुसरा घाणा टाकायचा, कारण बाकीचे परत फिरताना खाणार. टॅक्सीवाले शो सुटायच्या वेळेला येऊन थांबायचे. दिवाळीत बोर्ड लागला की चाळीतल्या बायका समजायच्या, बोनस झाला, आता आपल्याला किती दिला आणि टॉकीजला किती दिला ते बघू. पोरगं उशिरा घरी आलं आणि बोललं, पिक्चरला गेलो होतो, हाऊसफुल्ल होता, तर आई दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या खिडकीशी हजर. "बाई, काल लागला होता का हो बोर्ड?" बाई नाही बोलल्या की पोराचं काही खरं नाही. गिरण्यांचा संप झाला तेव्हा बोर्ड कितीतरी दिवस पंच्याखालून बाहेरच आला नाही. त्या दिवसांत माणसं टॉकीजवरून जाताना पोर्चकडे बघायची आणि मान खाली घालायची. घरात चूल पेटली नसल्यासारखं वाटायचं ते.

हा झाला खालचा बोर्ड. वर गच्चीवर टॉकीजच्या नावाची अक्षरं होती, माणसापेक्षा उंच, कडेने ट्यूब. ती दिवेलागणीला पेटायची. त्या अक्षरांची जबाबदारी कोणाचीच नव्हती आणि गरज सगळ्यांची. गावाहून येणाऱ्याला पत्ता एकच, वर लाल अक्षरं दिसतात तिथे उतर. मुलगी बघायला येणारे, मोर्चाला जमणारे, भांडण मिटवायला येणारे, सगळे बोर्डाखाली भेटायचे. आमच्या कोकणी चाळीचे आणि समोरच्या बौद्ध वाड्याचे क्रिकेटवरून वाद झाले, तेपण तिथेच मिटले, बाईंच्या खिडकीसमोर. बाई आतून ओरडल्या, "हात मिळवा. दिसू देत मला."

पुढे मोठा पूल झाला. परळकडून आलं की पूल चढायचा का खालून यायचं, हे ठरवायला ड्रायव्हरला ती अक्षरंच उपयोगी पडायची. चढाच्या तोंडाशी डाव्या बाजूला लाल दिसलं की समजायचं, आपल्याला वर जायचं नाही. वर गेला तो थेट भायखळ्याला. मधे उतरायला जागा नाही.

मग टॉकीज बंद पडली. कशी पडली ते सगळ्यांना माहीत आहे, सगळ्या टॉकीज तशाच पडल्या. आम्हाला बोलावलं, हिशोब दिला, घरी पाठवलं. मी घरी आलो. बाई गेल्याच नाहीत.

त्या घोडपदेवला राहायच्या, एकट्या. मॅटिनीच्या वेळेला छत्री घेऊन चालत यायच्या, बुकिंगच्या खिडकीखालच्या पायरीवर बसायच्या, फर्स्ट शो सुरू व्हायच्या वेळेला, दिवेलागणीला उठायच्या. खोलीची चावी त्यांच्याकडेच होती, ती कोणी मागितली नाही. वॉचमन नवीन होता, बिहारकडचा. पहिल्या दिवशी बोलला, "माताजी, यहां बैठने का ऑर्डर नहीं है." बाई बोलल्या, "ऑर्डर मेरे को मत सिखाओ. तुम्हारा हाथ दिखाओ." त्याने घाबरून हात दाखवला. तेव्हापासून तो त्यांना चहा आणून द्यायला लागला.

मी खिजवायचो. आमची चाळ टॉकीजच्या समोरच, मधे एक गल्ली. येताजाता बोलायचो, "काय बाई, किती गेली आज तिकिटं?"

"तुमच्या गेटवर किती आले?"

"गेट बंद आहे."

"खिडकी नाही."

आणि खरोखर माणसं यायची. अमुक डॉक्टर कुठे बसतो, रेशनचं दुकान कुठे हललं, तमक्याच्या घरी कोण वारलं. बाई सांगायच्या. पण दोघं-तिघं एकदम आले तर आधी रांग करायला लावायच्या. रांगेत उभा राहिला त्याला खिडकी मिळालीच पाहिजे, असं त्यांचं होतं. तिकीट मिळो न मिळो, खिडकीशी पोचून "नाही" ऐकायचा त्याचा हक्क आहे. टॉकीज चालू होती तेव्हासुद्धा तिकिटं संपली म्हणून त्यांनी खिडकीची फळी पाडली नाही. शेवटचा माणूस समोर येऊन हात घालेपर्यंत बसून राहायच्या.

आता आमच्या घरचं सांगतो.

आमच्या हिला दम्याचा त्रास जुनाच. पण टॉकीज बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षी तो वाढला. डॉक्टर बोलले, फुप्फुस थकलंय, असं झालं की वाट बघायची नाही, गाडी बोलवायची, गाडीत ऑक्सिजन असतो. मुलगा पनवेलला. घरात आम्ही दोघंच. तेव्हापासून माझे कान तिच्या श्वासावर. ती भांडी घासत असली तरी मी आवाज ऐकत बसायचो. शिट्टीसारखा आवाज आला की उठून तिच्याकडे बघत उभा राहायचो. ती बोलायची, "बघतास काय असे? माका काय झाला नाय." पण मला माहीत होतं, एक दिवस होणार.

आणि त्याच सुमाराला वारसांनी गच्चीवरची अक्षरं उतरवली. भंगारवाला टेम्पो घेऊन आला. सकाळी अक्षरं होती, दुपारी फक्त लोखंडाचे गज उभे. मी गॅलरीतून बघत होतो. हळहळ बिळहळ मला वाटली नाही. मला वाटली भीती. मी हिला बोललो, "आता गाडी कशी येणार?" ती बोलली, "फोनात नकाशो असता."

पहिला झटका आला तेव्हा तेच झालं. मी गाडीला फोन लावला, पत्ता सांगितला. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा फोन.

"काका, मी पोचलो. तुम्ही कुठे आहात?"

"आम्ही घरात."

"मॅपवर दाखवतंय, मी तुमच्या दारातच आहे."

मी गॅलरीत धावलो. दारात कोणी नाही. सायरन ऐकू येत होता, पण वरून. मान वर केली तर पुलाच्या कठड्यावरून निळा दिवा सरकत चाललेला.

"अरे, दारात नाही तू, डोक्यावर आहेस! खाली ये!"

"इथून कसा येऊ काका? आता भायखळ्याला उतरून वळून येतो."

वळून येईपर्यंत हिचे ओठ काळे पडायला लागले. शेजाऱ्यांनी टॅक्सी थांबवली, खुर्चीत बसवून खाली नेली. त्या दिवशी निभावलं. डॉक्टरने मलाच झापलं, एवढा उशीर का केला म्हणून. मी काय सांगणार, तुमची गाडी आमच्या डोक्यावरून गेली?

दुसऱ्या दिवशी बाईंच्या पायरीशी जाऊन मी सगळं बोललो. खिजवायचं त्राण नव्हतं. बाईंनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "लाल दिसलं नाही म्हणून वर गेला?"

"हो."

"हं," बोलल्या आणि छत्री उघडून घोडपदेवला चालायला लागल्या.

परत झटका आला तो शनिवारी, संध्याकाळी. दिवे लागत होते. ही देवापुढे वात लावत होती ती तशीच खाली बसली. "श्वास गावत नाय," एवढंच बोलली. मी फोन लावला. गाडी निघाली बोलले. आणि मला पुढचं सगळं दिसलं. तो परळहून येणार, पूल चढणार, आमच्या डोक्यावरून जाणार.

शेजारणीला हिच्याजवळ बसवलं आणि मी अनवाणी खाली पळालो. बाई उठायच्या तयारीत होत्या.

"बाई, गाडी येतेय. परत वर जाणार ती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. हाताकडे नाही, तोंडाकडे. पहिल्यांदाच.

"तुम्ही वहिनींजवळ जा," बोलल्या. "ड्रायव्हरला सांगा, लाल अक्षरं दिसली की पूल चढायचा नाही."

"कुठली अक्षरं? गच्चीवर काय आहे आता?"

"सांगितलं तेवढं करा."

मी वर पळालो. जिना चढताना कळलं, लाल अक्षरं म्हणजे त्यांचा बोर्ड. ड्रायव्हरला फोन लावला. "हे बघ, पुलाच्या तोंडाशी डावीकडे लाल दिसेल. हाऊसफुल्ल लिहिलेलं. तिथे खालीच राहा."

"हाऊसफुल्ल? कुठला पिक्चर लागलाय, काका?"

"आण रे तू गाडी लवकर!"

बाईंनी काय केलं ते नंतर वॉचमनने सांगितलं. खोली उघडली, पंचा काढला. वॉचमन आणि चहावाला, दोघांना बोर्ड उचलायला लावला आणि जिन्याने वर नेऊन बाल्कनीच्या खिडकीतून पोर्चच्या गच्चीवर उभा केला, पुलाकडे तोंड करून. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. टॉकीजची लाइट केव्हाच कापली होती, केबिनला तेवढी होती. वॉचमन बोलत होता, माताजी, नोकरी जाईल. त्या बोलल्या, "जाएगा तो मेरे को बोलने का, मैं दूसरा देगी." बोर्ड पेटवायच्या आधी त्या क्षणभर थांबल्या होत्या, असं तो सांगतो. मागे वळून अंधाऱ्या बाल्कनीतल्या खुर्च्यांकडे बघत होत्या. मग बोलल्या, "लगाव."

गॅलरीतून मला समोर लाल उजेड दिसला. काही बल्ब गेले होते, पण लाल ते लाल. हिच्या चेहऱ्यावरसुद्धा पडला तो उजेड. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि पुलाकडे कान लावून होतो. सायरन आला. लांब होता. जवळ आला. आणि वर नाही गेला. खालून आला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण सायरन आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन तिथेच ओरडत राहिला. पुढे सरकेना.

गॅलरीतून वाकून बघितलं तर गल्ली माणसांनी भरलेली. लालबागमध्ये बोर्ड लागला, आणि माणसं घरात बसणार? अर्ध्या चड्डीतले म्हातारे उतरले होते, कडेवर नातवंडं घेतलेल्या बायका, मसाल्याच्या गल्लीतल्या हात न धुता आलेल्या. "चालू झाली!" "काय लागलंय?" "अरे, तिकीट कुठे?" हाऊसफुल्लचा बोर्ड म्हणजे जागा नाही. पण जागा नाही दिसली की आमची माणसं जास्त पुढे घुसतात, हे मी गेटवर आयुष्यभर बघितलं होतं. ते त्या घाईत ना बाईंच्या ध्यानात आलं, ना माझ्या. गाडी मागून भोंगा देतेय आणि पुढचे मागच्यांना ओरडतायत, ढकलू नका.

मी वरून बोंबललो. कोणाला ऐकू जाईना. मागे शेजारीण बोलली, "काका, काकी डोळे फिरवतात हो." मला वाटलं, झालं. बोर्डानेच घात केला.

तेवढ्यात बाईंचा आवाज आला. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बारीक, नाकातला, काचेवर नाणं वाजवल्यासारखा.

"लेडीज लाईन इकडेऽ! जेन्ट्स लाईन तिकडेऽ! मधे कोणी उभं राहायचं नाही! मधला माणूस दिसला तर खिडकी पाडीन!"

मी देवाची शपथ घेऊन सांगतो, गर्दी फाटली. बायका डाव्या भिंतीला, पुरुष उजव्या भिंतीला. ज्यांनी जन्मात कधी त्या खिडकीशी रांग लावली नव्हती, त्या पोरांना म्हाताऱ्यांनी कॉलरला धरून ओढलं. कोणी विचारलं नाही, का म्हणून. जुनी सवय पायात असते, डोक्यात नसते. मधे रस्ता मोकळा झाला आणि त्या मोकळ्या रस्त्यातून गाडी सरळ आमच्या जिन्यापर्यंत आली.

हिला खुर्चीत घालून खाली आणली, तोंडाला नळी लावली. दार बंद करताना ड्रायव्हर बोलला, "काका, एवढी माणसं काकींसाठी?" गाडी मागे मागे निघाली तेव्हा काचेतून बघितलं. दोन्ही रांगा तशाच उभ्या. कोणी हललं नव्हतं.

ही वाचली. आठवड्याने घरी आली. डॉक्टर या वेळी बोलले, वेळेवर आणलंत.

आणि त्या रांगा? ते वॉचमनने सांगितलं. आम्ही गेल्यावर बाई खाली आल्या, बुकिंगच्या खोलीत बसल्या, खिडकी वर केली. एकेक माणूस पुढे. एकेकाला सांगितलं, "आज खेळ नाही." प्रत्येकाला, वेगवेगळं. कोणी तावातावाने विचारलं, "मग बोर्ड कशाला लावला?" बाई बोलल्या, "आजारी माणसाला लावला. तुला नाही लावला. पुढचा." कोणी विचारलं, "उद्या आहे का?" त्याचा हात त्यांनी थोडा जास्त वेळ बघितला म्हणे, आणि बोलल्या, "नाही." रांग संपेपर्यंत उठल्या नाहीत.

हिने लाडू करून दिले, बाईंना द्या बोलली. मी डबा घेऊन गेलो. मनात होतं, बोर्ड मागून घ्यावा. गॅलरीत टांगून ठेवायचा. परत कधी गाडी आली तर आपल्या हातात असावा. मी तसं बोललो.

"बोर्ड दिला भंगारात," बाई बोलल्या.

"काय?"

"घर रिकामं होतं आणि तो लागला. आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? परत लावला तर माणसं खाली उतरतील? आणि उतरली तरी वाईट, नाही उतरली तरी वाईट."

मी खूप बोललो त्यांना. माझ्या बायकोचा जीव होता तो, बोललो. तुमच्या तत्त्वाच्या आधी मला विचारायचं होतं. बाई डब्यातला लाडू फोडून खात ऐकत होत्या. "तूप कमी घाला बोला वहिनींना, श्वासाला बरं नाही," एवढंच बोलल्या. मी डबा तिथेच टाकून आलो. बरेच महिने बोललो नाही त्यांच्याशी.

मग टॉकीज पाडली. पाडायला आले तेव्हा वॉचमनची बदली झाली आणि बाईंना यायला पायरीच उरली नाही. सगळीकडे निळे पत्रे. अजून खड्डासुद्धा खणला नव्हता, पण पत्र्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत होणाऱ्या टॉवरचं नाव आलं. वेल्मोरा हाइट्स. रात्रंदिवस त्याच्यावर पांढरा झोत. पूल चढायच्या आधी डावीकडे आता तेच दिसतं.

मी ते नाव घ्यायचो नाही. गॅसवाला आला, कुरिअरवाला आला, औषधवाला आला, सगळे फोनवर विचारायचे, "वेल्मोराच्या समोर ना?" मी बोलायचो, "टॉकीजसमोर." ते बोलायचे, "इथे टॉकीज नाहीये, काका." मी बोलायचो, "होती." आणि फोन ठेवायचो. औषध दोनदा परत गेलं. ही काकुळतीला यायची. "अहो, नाव घेवक तुमचा काय जाता? उद्या गाडी बोलवची लागली तर?" मी ऐकायचो नाही. ज्यांनी अक्षरं उतरवली त्यांचं नाव माझ्या तोंडात येणार नाही. हवा आत घेताना तिच्या गळ्यात शिट्टी वाजायची, ती मी ऐकायचो, रात्रभर जागा राहायचो, आणि तरी तोंडातून नाव काढायचो नाही.

हिनेच बाईंना निरोप पाठवला असणार. एका दुपारी बाई आल्या. टॅक्सीने आल्या, जिना चढायला बराच वेळ लागला. हल्ली चालणं बंद झालं होतं. त्यानंतर त्या फार दिवस जगल्या नाहीत. आमच्या घरी आलेल्या त्या एकदाच. हिच्या पलंगाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला बोलल्या, "दार लावा."

"कशाला?"

"बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मला लाज वाटते."

मी दार लावलं.

बाईंनी मूठ कानाला लावली, फोनसारखी. "मी गाडीवाली. परळहून निघालेय. पुलाच्या तोंडाशी आहे. काका, लँडमार्क काय?"

"बाई, पोरखेळ करू नका."

"लँडमार्क काय, काका?"

"टॉकीजसमोर."

"टॉकीज दिसत नाही. मी पूल चढले."

मी हिच्याकडे बघितलं. ती बाईंकडे बघत होती.

"परत विचारते. लँडमार्क?"

"टॉकीज. मी जन्मभर तिथे उभा होतो. मी दुसरं काही बोलणार नाही."

"बरं. मी आता भायखळ्याला पोचले," बाई बोलल्या. मूठ कानालाच होती. आवाज तोच, बारीक, खिडकीतला. "इथून वळून यायला वेळ लागेल. तोवर वहिनींचं काय झालं ते सांगा."

हिच्या उशाशी आता ऑक्सिजनचं मशीन असायचं, त्याचा तेवढा आवाज. बाई थांबून राहिल्या. घाई नव्हती त्यांना, शेवटचा माणूस पुढे येईपर्यंत थांबायची सवयच होती.

"वेल्मोरा," मी बोललो.

"ऐकू आलं नाही."

"वेल्मोरा हाइट्स. समोरची चाळ."

"पूल चढू का?"

"नको. खालून या. डावीकडे दिसेल."

"दिसलं," बाई बोलल्या. "आले मी. दारात आहे. कितवा मजला?"

"दुसरा," मी बोललो.